टकटक थांबली तेव्हा

झटका मशीन गावात नवंनवं आलं, त्या काळची गोष्ट. गजराबाईंनी वांगी आणि कोंबड्या राखायला परसाभोवती शिवताच विजेचा झटका देणारी तार ओढली. मशीन दिवसरात्र टकटक करायचं, आणि चांद्या कुत्र्याला कोणी विचारेनासं झालं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

एके सकाळी टकटक थांबली. कुत्र्याचे कान ते, तारेतली वीज गेल्याचं लगेच कळलं. भुंकून बाईंना सांगावं म्हणून तो उठलाही. पण मनात आलं, आज मुंगूस येऊच दे. मी त्याला पिटाळतो, मग कळेल सगळ्यांना माझी किंमत! तो पुन्हा खाली बसला.

पिवळी कोंबडी पाच पिलं घेऊन आली. "चांद्यादादा, तार आज बोलत नाही का रे?"

"तू चर गं निवांत. मी आहे ना!"

पण बसून बसून त्याच्या अंगात सुस्ती भरली होती. दुपारी त्याचा डोळा लागला. जाग आली ती पिवळीच्या आकांतानं. मुंगूस पसार झालं होतं आणि पिलं दोनच उरली होती.

गजराबाई धावत आल्या. त्यांनी तारेला शिव्या घातल्या आणि चांद्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझा काय दोष रे, मुक्या जीवा? तुला तारेतलं काय कळणार!" असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढे भाकरी टाकली.

पिवळीनं ओरडून खरं काय ते सांगावं, असं चांद्याला वाटलं. पण ती दोन पिलं पंखाखाली घेऊन त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

ती भाकरी शेवटी मुंग्यांनी नेली.