रंभेची कॉफी

माणसं आणि जनावरं एकमेकांशी बोलायची त्या काळात, एका चिमुकल्या बेटावरच्या कॉफीच्या मळ्यात रंभा नावाची उदमांजर राहत होती. हुंगून हुंगून ती फक्त पिकलेली लाल फळं खायची. त्यांच्या बिया तिच्या शीतून सबंध बाहेर पडायच्या. मळेवाला सदोबा त्या वेचून, धुऊन, भाजून कॉफी करायचा, आणि जहाजांतून येणारे बडे शौकीन ती पिताना डोळे मिटून घ्यायचे.

रंभेला हे कळलं, तशी ती फुगली. "सदोबा, एवढ्या मोठ्या बाईनं झाडं चढायची? मला घरी ठेवा."

सदोबा खूश झाला. त्याने तिला मऊ गादीचा पिंजरा दिला आणि तो तिच्यापुढे टोपलीभर फळं ओतू लागला. हिरवी, किडकी, हाताला येतील ती. भुकेपोटी रंभा सगळी खायची.

पुढच्या हंगामात शौकिनांनी पहिल्याच घोटाला "शी!" म्हणून कप खाली ठेवले.

"बाई, तुमचं पोट बिघडलंय," सदोबा चिडून म्हणाला.

"पोट तेच आहे," रंभा म्हणाली, "पण आधी फळं मी निवडत होते."

सदोबाने पिंजरा उघडला. रंभा झाडावर चढली आणि निवांतपणे एकेक फळ हुंगू लागली. सदोबा टोपली घेऊन खाली बसला, तिला शी कधी होते याची वाट बघत.