पांढऱ्या डोळ्यांची बाटली

त्या राज्यात आभाळ काचेचं होतं आणि वेशीला कापसाचा बोळा लावलेला होता. प्रजा चिलटांची, सत्ता हातांची. खायची ददात नव्हती. तळाशी मक्याच्या पिठाचा नि गुळाचा लगदा कायम थापलेला असे. हात दुष्ट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं.

राज्याबाहेर एक फळबाग होती. तिथल्या किडीवर हातांनी नवं औषध काढलं होतं, पण त्याने मधमाश्या तर मरणार नाहीत ना, याची खात्री हवी होती. आता मधमाश्यांच्या जिवाशी कोण खेळणार? त्या मध देतात. चिलटं काय देतात? म्हणून मधमाशीच्या अंगातला, विष पचवणारा एक बारीकसा अंश हातांनी काही चिलटांच्या अंड्यांत घातला. ज्यांच्यात तो रुजला त्यांचे डोळे लाल झाले. बाकीच्यांचे पांढरेच राहिले.

परीक्षेच्या दिवशी लाल डोळ्यांची एका बाटलीत जात, पांढऱ्या डोळ्यांची दुसरीत. दोन्हीकडे तेच औषध घातलेलं साखरपाणी. लाल जगत, पांढरी मरत. आणि पांढरी मेल्याशिवाय लालांच्या जगण्यावर हातांचा विश्वास बसत नसे. काच आरपार होती, बघणाऱ्याला सगळं दिसलं असतं. पण बहुतेकांचं लक्ष लगद्यात.

गुंजीने मात्र बघितलं होतं. ती लाल डोळ्यांची. तिच्या शेजारच्याच अंड्यातून निघालेली तिची बहीण कवडी पांढऱ्या डोळ्यांची होती, आणि उद्या कवडीची पाळी होती. गुंजीला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

सकाळी हातांनी गुंगीची हवा सोडली आणि निजलेली चिलटं ब्रशने निवडायला घेतली. गुंजीला जाग लवकर आली. तिने आपलं डोकं कवडीच्या पंखाखाली खुपसलं. तिचे लाल डोळे दिसेनात, तेव्हा ब्रशने दोघींना एकदमच पांढऱ्यांच्या बाटलीत लोटलं.

"हे पाणी पिऊ नकोस," गुंजी म्हणाली. "मला काही होत नाही. तुला होईल."

"तहान लागली तर?"

"संध्याकाळपर्यंत कळ काढ. माझ्यासाठी काढ."

मग ती पंख पसरून थेंबावर बसली आणि स्वतः पीत राहिली. इतरांनाही तिने सांगून बघितलं. पण लाल डोळ्यांचं कोण ऐकतंय? "तिकडे मिळतं तेवढं पुरत नाही वाटतं," एक जण म्हणाली, आणि तिला ढकलून सगळ्यांनी कडेकडेने तोंड लावलं. गुंजीला रडू आलं. थेंब सगळ्यांचा होता आणि पंख दोनच.

संध्याकाळी हातांनी बाटली उजेडात धरली. आडव्या पडलेल्यांत दोघीच चालत होत्या. लाल डोळ्यांची या बाटलीत म्हणजे निवडण्यातली चूक. ब्रशने तिला उचललं आणि चुका बुडवायच्या बरणीत टाकलं. औषधाने जिचं काही बिघडलं नव्हतं, ती अशी गेली. कवडी काचेला चिकटून होती, तिने सगळं पाहिलं.

कवडीकडे हात कितीतरी वेळ बघत राहिले. पांढऱ्या डोळ्यांची, अंगात मधमाशीचं काही नाही, तरी जिवंत? म्हणजे हिची जातच चिवट. किडीतही अशी चिवट निघाली, तर औषध फुकट जायचं. हातांना काळजी वाटली आणि थोडा आनंदही झाला. कवडीला स्वतंत्र बाटली मिळाली, ताजा लगदा मिळाला, जोडीदार मिळाला. ती सांगत होती की मी प्यायलेच नाही, माझ्या बहिणीने पिऊ दिलं नाही. पण हातांना कान नव्हते. त्यांना मोजता येत होतं.

कवडीला चाळीस पोरं झाली. सगळी आईसारखी, पांढऱ्या डोळ्यांची. तिने त्यांना मावशीबद्दल सांगायला सुरुवात केली होती. गोष्ट पुरी व्हायच्या आतच गुंगीची हवा आली.

शुद्धीवर आली तेव्हा ती एकटी होती. पोरं शेजारच्या बाटलीत होती. हातांनी त्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'काटक'. काटकांना नेहमीचं माप पुरायचं नाही, म्हणून आत औषधाचा दुप्पट मोठा थेंब सोडला. कवडी काचेवर अंग आपटत राहिली. पलीकडे थोरलीने धाकटीला पुढे घेतलं, गर्दीतून वाट करून दिली आणि म्हणाली, "आधी तू पी."