सड्यावरचा कौल

“पण आबा, हवेला काय कळतं, झाड कुठं उभं आहे ते?”

आबा, म्हणजे झिलू गुरव, देवापुढचा पाला वेचत राहिले.

विचारणारा उमाकांत. सात वर्षं तो आबांच्या हाताखाली कौल लावायला शिकत होता. फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

देव म्हणजे गावच्या देवराईच्या मधोमध बसलेला फणसाएवढा काळा दगड. तिथं एवढा गारवा, की वैशाखात आत गेलेला माणूस शिंकत बाहेर येतो म्हणतात. त्यातल्या निम्म्या शिंका ज्याच्या त्यानं वजा कराव्यात. पण त्या गारव्यात पाकळी सुकून पडायला तासभर लागे, हे मात्र खरं.

आता गावाला तिथं सभामंडप हवा होता. राईतली चाळीस झाडं आड येत होती. मंडप झाला की पूजा उमाकांतकडे, हेही ठरलं होतं. अडलं होतं ते एका कौलापाशी, आणि तो लावायचा आबांनी.

त्यात उमाकांत नुकताच तालुक्याला हवामानबदलाचं दोन दिवसांचं शिबिर करून आला होता. प्रमाणपत्र अजून वरच्या खिशातच होतं.

“झाड हवेतला कार्बन ओढून घेतं, आबा. इथं चाळीस तोडली, तर वर सड्यावर चारशे लावू. फिटंफाट! उलट हवेचा फायदाच.”

“सड्यावर? त्या उघड्या कातळावर?”

“खड्डे मारून लावू की.”

“मोठी कधी व्हायची?”

“साठेक वर्षांत होतील एवढी. साठ वर्षं काही फार नाहीत.”

“नाहीत,” आबा म्हणाले. “चल, लावू कौल.”

उमाकांत तांब्या आणि फुलं घेऊन धावत आला, तोवर आबांनी देवाला उचलून काखेत मारलं होतं. चार गड्यांना जो दगड हलला नसता, असं आता गावात सांगतात, तो सत्तरीच्या आबांनी.

“आबा! देव असा जागचा हलवतात का?”

“का रे?”

“म्हणजे... इथं मुरलाय तो. किती पिढ्या...”

“हवेला काय कळतंय?” म्हणत आबा चालूही लागले.

सड्यावर पोचले तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं. आबांनी देव कातळावर टेकवला. उमाकांतनं पाकळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घालायला आबांनी तोंड उघडलं मात्र, दोन्ही पाकळ्या वाळून एकदम खाली.

“दुसऱ्या लाव.”

त्याही पडल्या. तिसऱ्या. चौथ्या. पाचव्या तर उमाकांतच्या बोटांवरच वाळल्या.

“देव काही बोलेना रे.”

“ऊन आहे, आबा. सावली पाहिजे.”

“बघ मिळते का.”

उमाकांतनं चहूकडे पाहिलं. नजर पोचेल तिथवर कातळ. खाली, लांब, राईचा हिरवा ठिपका...

शेवटी तो स्वतःच देवावर ओणवा झाला. त्याची सावली दगडावर पडली. आबांनी नव्या पाकळ्या लावल्या, आणि अंग चोरून तेही त्या सावलीत सरकले.

पाकळ्या चिकटून राहिल्या.

बराच वेळ गेला. उमाकांतची पाठ भाजून निघाली. घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला.

“आबा... विचारा ना आता.”

“काय विचारू?”

“राई तोडू का, म्हणून.”

“विचारतो की. इथं लावायची झाडं तेवढी मोठी होऊ देत.”

“आणि... तोवर?”

आबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

“तोवर हलू नकोस. साठ वर्षं काही फार नाहीत.”