निळ्या होडीची तबकडी

नव्या घरात मी फारशी बोलत नसे. सासूबाई भाजी निवडताना एक गाणं गुणगुणायच्या आणि दरवेळी एकाच जागी थांबायच्या. "पुढचं आठवत नाही गं. तबकडी होती, कव्हरावर निळी होडी होती. घर बदलताना हरवली."

मग दर रविवारी मी मिरजेच्या जुन्या बाजारात हिंडू लागले. डोळे मिटले तरी निळी होडी तरंगायची.

एका रविवारी जुन्या तबकड्या विकणाऱ्या दस्तगीरचाचांच्या ढिगात ती दिसली. मी हात घातला, तोच अंगठ्यांनी भरलेला दुसरा हात कव्हरावर पडला. गावातले बडे संग्राहक, रिसबूडसाहेब!

"सोडा, बाई. ही माझ्या दिवाणखान्यात शोभेल."

"वाजवता कशावर, साहेब?" मी हळूच विचारलं.

"वाजवता?" ते चारचौघांना ऐकू जाईल असं हसले. "माझ्याकडे सगळं काचेमागे असतं. एकही तबकडी मी कधी कव्हराबाहेर काढलेली नाही!"

"मग भांडण कशाला? कव्हर तुम्ही न्या, तबकडी मला द्या."

"अहो, पण आत..."

"आत तुम्ही बघताच कुठं, साहेब?" म्हणत चाचांनी तबकडी अलगद काढून माझ्या हातात दिली. निळी होडी साहेबांकडे राहिली, रिकामी.

ओटीत आलेला एक खण पिशवीत होता, त्यात मी तबकडी गुंडाळली.

संध्याकाळी माळ्यावरचा प्लेअर उतरवला. सासूबाई गाण्यासोबत गुणगुणू लागल्या आणि नेहमीच्या जागी थांबल्या. गाणं मात्र थांबलं नाही.