हिरवळीवरचे पिवळे डाग

एका गावात एक बाई राहायची. स्वभावाने चांगली, हाताला चव, बोलायला गोड. पण अंगणातल्या हिरवळीचा विषय निघाला की तिचं डोकं ठिकाणावर नसायचं. पाहुण्यांनी चपला फाटकाबाहेर काढायच्या आणि कडेकडेने घरात यायचं. नवरा बिचारा स्वतःच्याच अंगणात चोरासारखा चालायचा. गवतात चोची मारायला साळुंक्या उतरल्या की बाई लाटणं घेऊन धावायची. हौस म्हणतात ती हीच, दुसरं काय!

शेजारी एक म्हातारी होती. तिला जगात दोनच जण. एक तिचा कुत्रा गुंड्या आणि दुसरी ही बाई. बाई तिला रोज दूध द्यायची, पाणी भरून द्यायची. दुपारी कुंपणापाशी दोघींच्या गप्पा रंगायच्या. गुंड्या मध्ये बसून आळीपाळीने दोघींची तोंडं बघायचा, जणू निवाडा त्यालाच करायचा होता.

एका श्रावणात हिरवळीवर पिवळा डाग पडला. मग दुसरा, मग तिसरा. बाईने पाणी वाढवलं, खत वाढवलं. डाग आपले पसरतच चालले. मग बाईला आपल्या सगळ्यांसारखंच सुचलं. आता दोषी शोधायला हवा, आणि तोही फार लांबचा नको.

"आजी, ही तुमच्या गुंड्याचीच कामं! मेला रोज माझ्या गवतावर मुततो."

"कधीमधी जातो गं, नाही कशाला म्हणू? पण कुत्र्याचा डाग ताटलीएवढा असतो, आणि त्याच्या कडेचं गवत उलट जास्त हिरवं होतं. तुझं तर नुसतंच सुकत चाललंय. मूठभर उपटून मुळं बघ. आत कीड असेल."

"वा! उरलंय तेही उपटू म्हणता?"

"मी बघते, सरक जरा."

"हात लावायचा नाही!" बाई ओरडली. "आता एक तर हे कुत्रं इथे राहील, नाहीतर मी तुमच्याकडे येईन. काय ते ठरवा."

बाईला वाटलं होतं, म्हातारी भांडेल, दोन दिवस रुसेल, फार तर कुत्र्याला बांधून ठेवेल. म्हातारी गुंड्याला घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी गावावरून मेंढरं घेऊन धनगर चालले होते. म्हातारीने गुंड्याची दोरी त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिली. "राखणीला चांगला आहे. भात ताक घालून द्या, कोरडा खात नाही." गुंड्या वळून वळून बघत गेला. बाईने खिडकीतून पाहिलं आणि स्वतःला समजावलं, कुत्रंच ते, विसरेल.

गुंड्या गेला, पण डाग थांबेनात. एका सकाळी बाईने चिडून सुकलं गवत ओढलं, तर गोधडी उचलावी तशी अख्खी हिरवळच हातात आली. खाली मुळं नव्हतीच. होत्या त्या मातीत वळसे घालून पडलेल्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या लठ्ठ अळ्या. हुमणी! मुळं सगळी कुरतडून फस्त. साळुंक्या भराभर उतरल्या आणि अळ्या वेचू लागल्या. बाईने या वेळी त्यांना हाकललं नाही.

ती तशीच मातीच्या हातांनी म्हातारीकडे धावली. "आजी, हुमणी होती हो! गुंड्या नव्हता!"

"असू दे," म्हातारी म्हणाली. "माती उकर, अळ्या वेच, निंबोळी पेंड घाल. पुढच्या पावसाळ्यात नवं गवत लाव. येईल."

"आणि गुंड्या?"

"धनगर का एका जागी थांबतात, बाळ?"

बाईने नवऱ्याला पाठवलं. तो घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. तिथे विझलेल्या चुली होत्या आणि लेंड्या होत्या. पुढे वाटा चार दिशांना फुटल्या होत्या. तो हात हलवत परत आला.

पुढच्या वर्षी हिरवळ पुन्हा आली, पहिल्याहून दाट. बाई अजून रोज दूध घेऊन जाते. म्हातारी दूध घेते, "बरी आहेस ना?" विचारते आणि दार लोटून घेते. एकदा बाई जेवणाच्या वेळी गेली. म्हातारीने ताकभाताचा एक गोळा ताटाबाहेर काढून ठेवला, मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि परत आपल्याच ताटात घेतला. बाई दूध उंबऱ्यावर ठेवून निघून आली.

तात्पर्य: कुणाच्या माथी दोष मारण्याआधी वाकून माती उकरून बघावी. गवत पुन्हा लावता येतं. घालवून दिलेल्याला शोधायला कुठे जाणार?