समोरच्याच्या खांद्यावरची माती

"म्हणजे त्यांनी तोंडाला येईल ते बोलायचं आणि आम्ही तेवढं सभ्य राहायचं, असंच ना वस्ताद?"

समरजीतनं हे पुन्हा विचारलं. उत्तर आवडलं नाही की तोच प्रश्न पुन्हा टाकायची त्याची जुनी खोड.

"सभ्य ऱ्हा असं म्हणलं कोण?" हिंदूराव वस्ताद म्हणाले.

वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर पाय पसरून बसले होते. मी त्यांच्या अंगाला तेल चोळत होतो. पोरं जोरबैठका मारून गेली की रोज संध्याकाळी हे माझं काम. दिवसातली तेवढीच निवांत वेळ. तीही त्या दिवशी ह्या गड्यानं खाल्ली.

समरजीत आमच्याच तालमीत घडलेला. आता पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात भांडतो. भांडण कशावरून, तर 'मेधा' भारी का 'सोबती' भारी. ही माणसं नव्हेत बरं का, विचारलं की उत्तर देणारे एआय आहेत. मेधा कशालाही चटकन उत्तर देते. सोबती अधूनमधून 'मला हे माहीत नाही' म्हणतो. एवढ्यावरून दोन ग्रुप पडलेत. हजारो माणसं दिवसभर एकमेकांची आयमाय काढतात, आणि ती दोन्ही यंत्रं बिचारी सगळ्यांशी अदबीनं बोलत असतात. मेधावाल्यांच्या ग्रुपचा ॲडमिन हा. कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं, सगळं ह्याच्या हातात.

"शिव्या कोण देतंय?" वस्तादांनी विचारलं.

"त्यांची माणसं."

"आन तुझी?"

"आमची... उत्तर देतात."

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी तेलाच्या वाटीकडे बघितलं.

"मग माझ्याकडं काय काम काढलंस?"

"उद्या दोन्ही ग्रुपची समोरासमोर चर्चा आहे. सगळे ऑनलाइन बघणार. त्यांच्याकडून जिनेंद्र चौगुले बोलणार, आमच्याकडून मी. त्याआधी एक क्लिप टाकायचीय." त्यानं फोन पुढे केला. "तुमचा आशीर्वाद असू द्या, म्हणून आलो."

मीही वाकून बघितलं.

एक किडकिडीत पोरगा माइकपुढे उभा होता. बोलता बोलता एका शब्दावर अडला. अडला तो अडलाच. ओठ थरथरतायत, मान हिसके खातेय, आणि शब्द काही बाहेर येईना. समरजीतनं तेवढाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडला होता. खाली लिहिलं होतं, 'सोबतीचं उत्तर लोड होत आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाच्या तरी पोटचं पोर आहे ते. पण वस्तादांपुढे मी आधी बोलत नाही.

"ह्यो जिनेंद्र?"

"हो. बोलताना अडखळतो. उद्या सकाळी ही क्लिप सगळीकडे गेली ना, की संध्याकाळी तो तोंडच उघडणार नाही. चर्चा संपली."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "संपली."

...

"अडायच्या आधी काय म्हणत हुता?"

"कोण?"

"ह्योच की."

"असंच काहीतरी. त्यांचं नेहमीचं."

"काय नेहमीचं?"

समरजीतनं फोन उलटा केला, सुलटा केला. "नीट आठवत नाही."

"ऐकव मग."

"ते कापलं, वस्ताद. अख्खं भाषण पुण्याच्या कॉम्प्युटरवर आहे. एवढं कोण ऐकत बसतंय?"

वस्तादांनी माझा हात बाजूला केला आणि उठले.

"कापडं काढ. हौद्यात उतर."

"आत्ता? तुमच्याशी?"

मी म्हणालो, "वस्ताद, गुडघा." त्यांनी ऐकलं नाही. उभ्या जन्मात माझं ऐकलं नाही, त्या दिवशी काय ऐकणार होते.

समरजीत लंगोट लावून हौद्यात, कुस्तीच्या लाल मातीत, उतरला आणि सवयीनं मातीची मूठ उचलायला वाकला.

"माती ऱ्हाऊ दे. धर मला."

त्यानं खांदा धरला. हात सटकला. मानेला हात घातला, तिथूनही सटकला. मी तेल काही कमी चोळलं नव्हतं. तो तरणाबांड गडी सत्तरीच्या म्हाताऱ्याभोवती घिरट्या घालत होता, आणि हाताला काही लागत नव्हतं. वस्ताद नुसते उभे.

"धर की."

"पकडच बसत नाही, वस्ताद."

"ते मला सांगू नगंस. धर."

समरजीतचा चेहरा लाल झाला. दातओठ खात पुढे आला, आणि ह्या वेळी त्यानं वस्तादांच्या हाताचं एक बोट धरून उलटं मुरगाळलं.

मी जागचा उठलो. कुस्तीत बोट धरत नाहीत. हे आमच्याकडे लंगोट बांधायच्या आधी शिकवतात.

वस्तादांनी बोट सोडवून घेतलं नाही. तोंडातून आवाजही काढला नाही. नुसते समरजीतकडे बघत राहिले.

त्यानं हात सोडला.

"चुकलं, वस्ताद."

"चुकलं न्हाई. दुसरीकडं कुठं धरायला जमंना, म्हणून धरलंस."

...

समरजीत खाली वाकला. मूठभर माती घेतली आणि वस्तादांच्या खांद्याला लावली. मग मानेला. मग दंडांना. आमच्यात कुस्तीआधी हेच करतात. पैलवान समोरच्याच्या अंगाला माती लावतो, कारण त्याशिवाय पकड बसत नाही. समोरचाही ह्याला लावतो. मग एकमेकांना आपटायला दोघं मोकळे.

वस्तादांनीही मूठ भरली आणि त्याच्या मानेला माती चोळली.

आता खांद्याला खांदा भिडला. वस्तादांनी जुना डाव टाकून बघितला. समरजीतनं तो ओळखला, तोडला, वाकून पटात शिरला, पाय कवळले आणि म्हाताऱ्याला उचलून मातीवर ठेवला. पाठ टेकली. मी शिव्या घालतच हौद्यात उतरलो.

वस्ताद उताणे पडून हसत होते. त्यांना असं हसताना मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"झाली की रं कुस्ती," ते म्हणाले.

कट्ट्यावरचा फोन वाजायला लागला. थांबे, पुन्हा वाजे. समरजीत हात पुसून तिकडे गेला.

"ग्रुपवाले विचारतायत. क्लिप कधी टाकतोस म्हणून."



त्यानं अंगठ्यानं काहीतरी केलं आणि फोनचा पडदा आम्हाला दाखवला. क्लिप फोनमधून नाहीशी झाली होती. मग मात्र तो वैतागला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"घ्या, पुसली. झालं समाधान? तुमचं काय जातंय वस्ताद, तुम्ही इथं हौद्यात. उद्या तो पुढ्यात उभा राहणार, त्याची माणसं मला फाडून खाणार, आणि माझीच माणसं मला भित्रा म्हणणार. मी रिकाम्या हातानं जायचं होय तिथं? इथं पायाखाली माती आहे, उचलली की लावली. तिथं कुठनं आणू?"

वस्तादांनी उठायला माझा हात मागितला. उठून बसले. कानातली माती करंगळीनं काढली.

"त्याचं बोलणं जिथं कापलंस, तिथनं."