विश्वंभरशेठांची विहीर

आंबेखोलचा रंगाचा कारखाना बंद पडला आणि मालक विश्वंभरशेठांनी त्या दहा एकरांवर प्लॉट पाडायला घेतले. कारखान्याची विषारी घाण तिथंच कुठंतरी पुरलीय, अशी गावात कुजबुज होती. म्हणून माती तपासायला सरकारी खात्यातून कालिंदी गुरव आली. पण बोअरचं यंत्र तिला एकाच दिवसासाठी मिळालं होतं. खोल भोक पडणार ते एकच.

शेठ गावकऱ्यांदेखत हसले. "पाडा की बाई, हवं तिथं! सोन्यासारखी जमीन आहे. मी स्वतः इथंच बंगला बांधणार!"

दहा एकरांत एक भोक म्हणजे अंधारात तीर मारणं. कालिंदी गोड आवाजात म्हणाली, "मग ते भोक तुमच्याच कामी येऊ दे. बंगल्याची विहीर कुठं घेणार?"

"ही इथं, फाटकाजवळ!"

"इथं तर कातळ लागेल. ती पार पलीकडच्या टोकाला बाभळ आहे ना, तिथली जागा सखल आहे, पाणी लवकर लागेल."

"छे छे!" शेठ दचकून ओरडले. "तिथलं पाणी माझी नातवंडं पिणार?"

कालिंदीनं यंत्र सरळ बाभळीखाली लावायला सांगितलं. बारा फुटांवर जांभळा, उग्र वासाचा चिखल वर आला.

"तुम्हाला ही जागा सांगितली कुणी?" शेठ गुरगुरले.

कालिंदीनं चिखल बाटलीत भरून झाकण लावलं. "पहिला नमुना तुमच्या जिभेचा घेतला, शेठ. मातीनं त्यावर फक्त सही केली. आता ही घाण उपसल्याशिवाय एकही प्लॉट विकायचा नाही."